घारीच्या नाकातली माती

फार पूर्वी उंच कड्याच्या टोकावर एक गाव होतं, आणि त्या गावात कामट्यांच्या घारी करणारा एक म्हातारा राहत होता.

त्या घारींना दोरा नसे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीने चिकटवलेला पातळ कागद आणि पोकळ नाकात गावच्या मातीची एक गोळी. दुपारी दरीतला वारा तापून कडा चढू लागला, की घार हातातून सोडायची. ती तरंगत जायची, दोन-चार घिरट्या घालायची आणि खाली शेतात कुठेतरी उतरायची. मग ज्याची त्याने जाऊन आणायची.

सोडण्याआधीची एक रीत होती. कड्यावर जमलेल्यांनी विचारायचं, "कुणी केली?" सोडणाऱ्याने सांगायचं, "मी केली." त्याशिवाय घार हातातून सुटत नसे.

म्हाताऱ्याचा हात गोड, पण जीभ कडू. शिकायला कोणी आलं की तो कोयता पुढे सरकवी. "पहिलं वर्ष नुसता बांबू तासायचा. दुसरं वर्ष खळ शिजवायची. तिसऱ्या वर्षी घारीला हात लावायचा." एकेक करून सगळे पळाले.

शेवटी आली कुंभाराची लेक. नऊ-दहा वर्षांची, प्रश्नांची नुसती पोतडी.

"आजा, उडवायची कधी?"

"तासून झालं की."

"आणि तासून कधी होणार?"

"तुझं तोंड थांबलं की."

आठव्या दिवशी तिचं बोट कापलं. तिने कोयता उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. म्हाताऱ्याने हाक मारली नाही. "पोरांना दम म्हणून नाही," तो भिंतीला म्हणाला आणि दाराला कडी घातली.

मग एका भर दुपारी गावात फेरीवाला आला. डोक्यावर पाटी, पायांना धुळीचा कण नाही. कुत्री उठली, पण भुंकली नाहीत. शेपट्या पोटाशी घेऊन मागे सरली. पाटीत तयार घारी होत्या. काळ्याभोर, गुळगुळीत, सांधा दिसेल तर शपथ!

"मोल काय?" पाटलाच्या मुलाने विचारलं.

"काही नको. कड्यावर विचारतील तेव्हा 'मी केली' म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच," फेरीवाला म्हणाला आणि हसला. हसण्याला आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी कड्यावर ही गर्दी! "कुणी केली?" "मी केली!" "मी केली!" कुंभाराच्या लेकीनेही कापलेलं बोट मुठीत लपवलं आणि सांगितलं, "मी केली."

काळ्या घारी वर गेल्या. संध्याकाळ झाली, खाली आल्या नाहीत. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. गावावर त्या गोल गोल फिरत राहिल्या. पंखांची फडफड नाही, कसला आवाज नाही. त्यांच्या सावल्या अंगणांतून, चुलींवरून, पाळण्यांवरून सरकत. चिमण्या गाव सोडून गेल्या. कोंबडे आरवायचे थांबले.

आणि मग ज्यांनी ज्यांनी त्या सोडल्या होत्या, त्यांचे हात हलके होऊ लागले. भाकरी मोडायला बोटांत जोर नाही. हात मोकळा सोडला की आपोआप वर तरंगायचा, आभाळाकडे.

कुंभारीण लेकीला घेऊन म्हाताऱ्याच्या दारी आली. पोरीचे हात तिने लुगड्याच्या चिंधीने कमरेला बांधले होते.

"मामा, काल हिला चाकावर बसवली. माती बोटांत ठरत नाही. कुंभाराच्या पोरीच्या बोटांत माती ठरत नाही, मामा!"

"ती घार मी नव्हती दिली."

"तुम्ही कुठली घार देताय? तुम्ही कोयता दिलात."

म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या कोयत्याकडे पाहिलं.

"शिकवा तिला," कुंभारीण म्हणाली.

"पहिलं वर्ष..." जीभ सवयीने सुरू झाली. तेवढ्यात दारातून एक सावली आत आली आणि पोरीच्या तोंडावरून गेली. म्हाताऱ्याची नजर खाली गेली. पोरीच्या टाचा जमिनीपासून बोटभर वर उचलल्या होत्या.

तो उठला. आढ्याला त्याची सगळ्यात देखणी घार टांगलेली होती, तरुणपणी केलेली. ती त्याने काढली, पंख गुडघ्यावर ठेवला आणि कडकन मोडला. नाकातली गोळी काढून अंगणात फेकली.

"घे. मोडलीय. जोड."

"मला नाही येत, आजा."

"मलाही येत नव्हतं. धर."

कुंभारणीने लेकीच्या हातांची चिंधी सोडली. कामटी निसटली, पुन्हा निसटली. दोरा वेडावाकडा बसला, खळ कोपरापर्यंत गेली. म्हाताऱ्याने जीभ दातांखाली धरली. पंख कसाबसा जुळला, तेव्हा तो म्हणाला, "आता नाकाला माती हवी."

तेवढं तिला येत होतं. तिने ओली माती घेतली, मळली, तळव्यांत फिरवून गोळी केली. टाचा हळूच जमिनीला टेकल्या.

"आजा, हात जड झाले," ती म्हणाली आणि रडू लागली.

त्याच दुपारी ती कड्यावर उभी राहिली. म्हाताऱ्याने विचारलं, "कुणी केली?"

वारा थांबला. वरच्या काळ्या घारी जागच्या जागी थबकल्या, जणू ऐकत होत्या.

"अर्धी आजाने केली. पंख मी जोडलाय, वाकडा जोडलाय." तिने वर पाहिलं. "आणि ती वरची मी नाही केली."

एक काळी घार दगडासारखी तिच्या पायाशी आदळली. नाक फुटलं. आत पोकळ होतं, मातीचा कण नाही.

"हिला जमीनच ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. "उतरणार कुठे?"

वारा पुन्हा चढला. पोरीने सोडलेली घार मात्र एका अंगावर कलत गेली, आंब्याला चुकवून नाचणीच्या शेतात उतरली. पोर ती आणायला उतारावरून धावत सुटली.

ते पाहून एकेकाने खरं सांगितलं. एकेक घार पडत गेली, एकेक हात खाली आला.

तेव्हापासून म्हाताऱ्याने दाराची कडीच काढून टाकली. ओसरीवर मोडक्या घारी टांगल्या. "आधी एक जोड, आजच उडव. बांबू उद्या तासू." ओसरीवर बसायला जागा पुरेना. एकदा परगावचा कोणी पाठीमागे काहीतरी लपवून उभा होता.

"विकतची आहे, आजोबा."

"मग लपवतोस कशाला? बैस. नाकातली माती तेवढी तू भर."

सगळ्या काळ्या घारी उतरल्या, एक सोडून. पाटलाचा मुलगा शेवटपर्यंत "मीच केली" म्हणत राहिला. एका सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं आणि वरची कौलं आतून उचकटलेली होती. त्या गावात भर दुपारी अंगणातून अजून सावली सरकते म्हणतात. पूर्वी ती नुसत्या पंखांची असे. आता पंखांखाली हात वर केलेलं एक माणूसही दिसतं.

तात्पर्य: विकत घेण्यात पाप नाही, न केलेल्याला "मी केलं" म्हणण्यात आहे. आणि शिकायला आलेल्याला जो उंबऱ्यावरून परतवून लावतो, तो त्या पापात अर्धा वाटेकरी.