पाषाणसभेचा शाप

एका राज्यात, जिथे धुकेसुद्धा राजाज्ञा घेऊन उतरत असे, एक फार जुनी रीत होती. राजाने भरसभेत आज्ञा सांगावी, मग प्रजेला विचारावे, "मान्य आहे?" आणि ज्याला मान्य नसेल त्याने निःशंक "नाही" म्हणावे.

पुढे चंडकेतू गादीवर आला. त्याला हा शब्द सोसेना. त्याच्या पदरी अंजनाक्ष नावाचा मांत्रिक होता; त्याने सभामंडपावर मंत्र टाकला. तेव्हापासून जो "नाही" म्हणे, तो उभ्या जागी पायांपासून वर हळूहळू पाषाण होई. मंडपात पाषाणांची दाटी झाली. जिवंत माणसे त्यांच्यामधून वाट काढत येत आणि "मान्य" म्हणून खाली मान घालून परत जात.

त्या पाषाणांत शाल्मलीचा भाऊ पुष्कर होता. शाल्मली ही सोमदत्त अत्तरवाल्याची लेक. रोज सकाळी ती भावाच्या गार कपाळाला चंदन लावी.

"एका शब्दापायी कुणी जीव देतं का, पोरी?" सोमदत्त म्हणे. "त्यानं दिला. काय हाती लागलं?"

शाल्मली चंदन उगाळत राही.

एके सकाळी पुष्करच्या खांद्यावर एक भारद्वाज येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला, "मुली, हा शाप एका देहाला पुरतो. साऱ्या नगरात वाटला गेला, तर पुरत नाही."

"सारे नगर 'नाही' म्हणेल?"

"ते मला ठाऊक नाही. मी पक्षी आहे."

एवढे बोलून तो उडाला. शाल्मलीला मरायचे नव्हते. मोगरा फुलायला आला होता. त्याचे अत्तर तिला स्वतःच्या हाताने काढायचे होते. तरीही सभा भरली तेव्हा ती पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

राजा म्हणाला, "आजपासून नदी माझी. मान्य आहे?"

"नाही," शाल्मली म्हणाली. तिची पावले दगडाची झाली, आणि तो गारवा गुडघ्यांपर्यंत चढला.

अंजनाक्ष जवळ आला. "शब्द मागे घे. भाऊ परत देतो. दोघे सुखाने घरी जा. मान्य?"

तिने पुष्करकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. "नाही," ती म्हणाली. गारवा छातीपर्यंत आला.

राजा उठून उभा राहिला. "तर मग ही सभाच आजपासून बंद. पुन्हा कुणाला काही विचारले जाणार नाही. मान्य आहे?"

शाल्मलीने ओठ उघडले, पण कंठ दगडाचा झाला होता. आवाज फुटेना. मंडपात कुणी मान वर केली नाही. धुके खांबांमधून हळूहळू वाहत राहिले. आपण एकट्याच आहोत, असे तिला वाटले, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नाही."

तो सोमदत्त होता. तो जड झालेली पावले ओढत पुढे आला आणि त्याने लेकीचा दगडी हात धरला. मग एक कोळीण म्हणाली, "नाही." मग तिच्या शेजारचा लोहार. मग आवाज वेगळे ओळखू येईनात. पाऊस पसरावा तसा तो शब्द मंडपभर पसरला.

शाप एकातून दुसऱ्यात धावू लागला आणि धावता धावता विरळ होत गेला. शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला नखाएवढा दगड आला. तो लोकांनी झटकून टाकला. पाषाणांनी श्वास घेतला. पुष्करने डोळे उघडले आणि बापाला विचारले, "बाबा, तुम्ही का रडताय?" अंजनाक्ष धुक्यात धुके होऊन गेला. चंडकेतूने मुकुट काढून पायरीवर ठेवला, आणि त्याला कुणी अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. नदीचे पाणी आधी कुणाच्या शेताला, यावर दिवे लागेपर्यंत कडाक्याचे भांडण झाले. त्या कल्लोळात खांबाला टेकून शाल्मली गाढ झोपी गेली. लोक तिला वळसा घालून भांडत राहिले.