आमच्यात चालत नाही

फार पूर्वी, एका बर्फाळ मुलखात लोखंड आणि सिलिकॉन यांचा एक खडा होता. त्यातले इलेक्ट्रॉन जोडीजोडीने घरातच बसून असत. दारात वीज आली की लोहोबा नावाचा म्हातारा लोखंडी अणू म्हणे, "आमच्यात हे चालत नाही!" चुंबकाकडे तर कुणी ढुंकूनही बघत नसे.

"आता भंगारातच घालते," भट्टीवाली तानूबाई वैतागली. पण शेवटचा उपाय म्हणून तिने खडा वितळवला आणि थोड्या लोखंडाच्या जागी कोबाल्ट बसवला. प्रत्येक कोबाल्ट एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन आला.

"घरजावई, आणि वर हे उंडगं पोर? आमच्यात चालत नाही!" लोहोबा कडाडला.

पोरं हिंडू लागली तशी वीज वाहू लागली. त्या बिनजोडीच्या पोरांमुळे खड्याला चुंबकत्वही आलं. एक टाचणी धावत येऊन चिकटली.

"ही कोबाल्टरावांची कृपा का?" तिने विचारलं.

"छे!" लोहोबाने छाती फुगवली. "आमच्यात हे पहिल्यापासून चालतं."