वडील नळ

लॅपटॉप वहीसारखे पातळ व्हायला लागले, तेव्हाची गोष्ट. तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करणाऱ्या सकीनाबींकडे दोन लॅपटॉप होते. जुन्याची जाड बटणं दाबून बोटं दुखत. नव्यावर नुसतं बोट टेकलं की अक्षर उमटे.

"आजोबा, किती छळता बाईंना!" नवा हसायचा.

एका दुपारी वारा सुटला आणि धुळीचा कण नव्याच्या कान्याच्या बटणाखाली अडकला. अर्जाचा विषय होता 'वाडीला नळ'. उमटलं, 'वडील नळ'! अर्जाचा शेवटचा दिवस होता. सकीनाबींनी जुना पुढे ओढला आणि दुखऱ्या बोटांनी अर्ज पुरा केला.

"तुमच्यात धूळ जात नाही?" नव्याने ओशाळून विचारलं.

"जाते की! पण माझ्या बटणांखाली ऐसपैस जागा आहे, कण खाली पडून जातो. मला तुझा मऊपणा कुणी दिला नाही आणि तुला ही जागा."

कीबोर्ड घडवणाऱ्या हेमांगीताई तेव्हा दुरुस्तीला आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं.

वर्षभराने त्यांनी तिसरा लॅपटॉप आणला. बटणं मऊ, आणि खाली तिळाएवढी मोकळी जागा. सकीनाबींनी त्यावर पहिलं वाक्य टाइप केलं, 'वाडीला नळ आला.'

ना काना गळला, ना नळ.