रिकामं रिंगण

सातवीच्या वर्गात खराडे बाई अणू शिकवत होत्या आणि मागच्या बाकावर तपासणीला आलेले रणनवरे साहेब बसले होते. शिक्षकाला पोरांसमोर खाली मान घालायला लावल्याशिवाय या साहेबांना जेवण गोड लागत नसे.

"मधे इवलंसं केंद्रक, भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन, बाकी सगळा अणू रिकामा," असं बाई म्हणाल्या मात्र, साहेब ताडकन उठले. पुढे येऊन त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"हे टेबल अणूंचंच ना? मग रिकाम्यातून माझा हात आरपार का जात नाही? पोरांना भलतंसलतं शिकवता, असा शेरा मारू का?"

बाईंनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. नागपंचमी तोंडावर आली होती, आणि मधल्या सुट्टीत पोरी फुगड्या घालून मैदान दणाणून सोडत होत्या.

"कावेरी, तरन्नुम, चला बाहेर. साहेब, तुम्हीही या."

पोरींनी हात गुंफले, पाय जुळवले आणि अशी फुगडी धरली, की त्यांचे चेहरे दिसेनात, नुसतं रिंगण गरगरायला लागलं.

"एवढ्या रिंगणात पोरी दोनच, साहेब. बाकी सगळं रिकामं. जा की आरपार!"

साहेबांनी ऐटीत पाऊल उचललं. वेणीचा सपकारा नाकासमोरून गेला, तसे ते झटकन मागे सरले.

"जागा रिकामी आहे साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "पण मोकळी नाही."

वर्गात परतल्यावर साहेबांनी त्याच टेबलावर हळूच टिचकी मारून पाहिली आणि शेरा न लिहिताच पेनाला टोपण लावलं.