खंडेनवमीचा रोबो

फार पूर्वी, म्हणजे चार मुख्याध्यापकांपूर्वी, एका शाळेने प्रोग्रॅमिंग शिकवायला चाकांचा रोबो आणला आणि मोडू नये म्हणून कपाटात ठेवला. दर खंडेनवमीला त्याची पूजा मात्र चुकली नाही.

"आपल्या अंगावर ओरखडा नाही," शेजारचा सूक्ष्मदर्शक अभिमानाने सांगे.

यंदा नव्या बाईंनी कपाट उघडलं. आठवीतल्या मृण्मयीने आज्ञा लिहिल्या. रोबो सुटला आणि भिंतीवर आदळला. वळायला सांगायचंच राहिलं होतं! तिने ते लिहिलं. रोबो वळला, तसा वर्ग ओरडला.

संध्याकाळी रोबो कपाटात परतला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाने विचारलं, "काय रोबोपंत, फुटलं नाक?"

"फुटलं, आजोबा. त्याशिवाय तिला चूक दिसली नसती."

सूक्ष्मदर्शकाने ओरखडा नसलेल्या आपल्या अंगाकडे पाहिलं. मग म्हणाला, "उद्या जाताना मला जरा दाराकडे ढकलशील?"