चिटकी खारीचं चित्र

एकदा काय झालं, एका टेकडीखाली प्राण्यांची आळी होती. सगळे मोठे खटपटे, बरं का! रोज काहीतरी नवं करून बघायचे. पण प्रत्येकाची बोली वेगळी. खारीचं चिकचिक कासवाला कळेना, कासवाचं फुसफुस मुंगसाला कळेना. मग त्यांनी पळसाच्या पानांचं एक पुस्तक शिवलं. ज्याने नवं काही केलं, त्याने जांभळाच्या रसाने त्याचं चित्र काढायचं. अक्षर एकही नाही. आणि बाकीच्यांनी चित्रात दिसेल तस्संच करायचं, रेघेचाही फरक नाही.

तिथे चिटकी नावाची खार राहायची. आळीच्या वरच्या अंगाला तळं होतं. ते भरून वाहिलं की आळी बुडायची. म्हणून चिटकीने बांधाच्या मोरीला लाकडी दट्ट्या बसवला. त्याला दोर बांधून फांदीवरून खाली सोडला. दोर ओढला की दट्ट्या वर, आणि पाणी बाजूच्या ओढ्यात! मग तिने चित्र काढलं. पण तिला आपल्या शेपटीचा भारी तोरा. शेपटी एवढी मोठी, एवढी झुपकेदार काढली, की दोर धरलेले हात तिच्यामागे झाकूनच गेले.

एक दिवस चिटकी ओढ्यापलीकडे दाणे आणायला गेली. पिल्लं बांधाखालच्या ढोलीत निजलेली. इतक्यात डोंगरावर पाऊस कोसळला. ओढा फुगला, वाट बुडाली. तळं काठोकाठ भरलं. चिटकी पलीकडच्या झाडावरून बघतेय, पण येणार कशी?

आळी धावली. पुस्तक उघडलं. चित्रात काय दिसलं? दोर आणि शेपटी! मग कासवाने दोर आपल्या शेपटीला बांधला. एवढीशी शेपटी ती, दोर सटकला. मग मुंगसाने बांधला. गाठ सुटली आणि ते चिखलात तोंडावर आपटलं. मग साळिंदरमावशीने बांधला. तिच्या काट्यांनी दोराचे पेड तुटले, एकच उरला. पाणी ढोलीत शिरलं.

"मग पिल्लं बुडाली का गं, आजी?"

थांब की, यमे. पाय आत घे आधी.

चिटकी ओरडली, "हाताने ओढा रे, हाताने!" पण इतरांना ते नुसतं चिकचिक. आणि घाबरली की खारीची शेपटी उडते, ठाऊक आहे ना? ती उडाली की त्यांना वाटे, बघा, शेपटीच म्हणतेय! मुंगूस पुन्हा शेपटीला दोर गुंडाळायला लागलं. चिटकीला रडूच फुटलं. जिचा एवढा तोरा, तीच शेपटी पिल्लांच्या जिवावर उठली होती.

मग तिने काय केलं? शेपटी दातांत घट्ट धरली. ओरडणं बंद, शेपटी बंद. समोरची वेल दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. पुन्हा ओढली.

साळिंदरमावशीने तिच्याकडे बघितलं. मग आपल्या पंजांकडे बघितलं. मुंगसाच्या शेपटीचा दोर सोडवून तिने पंजांत धरला, आणि दोघांनी मिळून हळूच ओढला. एका पेडावर, बरं का! दट्ट्या हलला, अडला, आणि वर आला. भस्सकन पाणी ओढ्याकडे वळलं.

ओढा ओसरला तशी चिटकी धावत आली. पिल्लं गळ्यापर्यंत भिजलेली, पण जिवंत. तिने त्यांना पोटाशी धरलं. मग ते पान फाडलं आणि नवं चित्र काढलं. दोर आणि दोन हात, चांगले ठसठशीत. शेपटीच नाही! अजून त्या पुस्तकातली खार बिनशेपटीची आहे. पोरं हसतात तिला. चिटकी हसू देते.

मग आळी सुखात राहिली, तुम्हीही राहा. चिटकीने पिल्लांवर शेपटी पांघरली आणि ती निजली. घ्या, तुम्हीही गोधडी ओढून घ्या. कशाने ओढायची? हाताने! झोपा आता.