मेहुण्याच्या हातातला दोर

एका उंच कड्यावर दहा-बारा घरांची वाडी होती. कड्याच्या पोटात आग्या मोहोळे लागत. मध काढायला माणूस दोराने खाली उतरे. दोराचे टोक झाडाला बांधलेले असे. पण तो सोडायचा आणि ओढायचा मान एकट्या मेहुण्याचा. बहिणीचे कुंकू ज्याला प्यारे, तोच दोर नीट धरणार, अशी त्यामागची समजूत. मेहुण्याने हाक मारल्याशिवाय दुसऱ्याने दोराला हात लावायचा नाही, हाही नियम.

अशाच एका मेहुण्याची ही गोष्ट.

गडी पूर्वी काटक होता. नाचणीची भाकरी खायचा आणि रोज डोंगर चढायचा-उतरायचा. मग वाडीपर्यंत रस्ता झाला. पायथ्याशी दुकान निघाले आणि त्याला तिथे बसायचे काम मिळाले. भाकरी बांधून न्यायचे बंद झाले. हात पुढे केला की तळलेल्या चकत्यांची पुडी, क्रीमची बिस्किटे, बाटलीतले रंगीत गोड पाणी. जेवणही पुडीतलेच, वर गरम पाणी ओतले की तयार. जायला-यायला जीप. रिकामा वेळ मोबाइलवर. तीन वर्षांत पोट मांडीवर आले.

मध काढायच्या दिवशी तो जीपने वर आला. वाडीपासून कड्यापर्यंत शंभर पावले. तेवढ्यात तो दोनदा खाली बसला.

थोरल्या बहिणीने ते पाहिले. "अरे, तुला धाप लागलीय. जमेल ना? नसेल तर आत्ताच सांग. आज मध राहिला तरी चालेल."

खरे उत्तर त्याला ठाऊक होते. पण सगळी वाडी बघत होती.

"ताई, वजन वाढलंय म्हणजे ताकदही वाढली की! आणि दाजी काय, काडीपैलवान. एका हाताने वर घेतो."

दाजी हसले. "घे बाबा. मध्येच पुडी फोडत बसू नकोस म्हणजे झालं."

कमरेला दोर बांधून, हातात धुराची चूड घेऊन ते खाली उतरले. दोर सोडणे सोपे गेले.

थोड्या वेळाने वारा फिरला. धूर उडाला आणि माश्या उठल्या. दोराला तीन हिसके बसले. म्हणजे, ओढ.

त्याने ओढले. चार हात दोर वर आला. आठ हात आला. मग छाती भात्यासारखी वाजू लागली. दंड थरथरले. दोर तळव्यांतून सरकला आणि दोन हात परत खाली गेला.

"ओढ! अरे, ओढ!" खालून दाजी ओरडले.

बहीण पुढे धावली. "हात लावू का?"

"नको!"

हाक मारली तर वाडीत तोंड कसे दाखवायचे? त्याने पाय रोवले, दात आवळले. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोर जागचा हलेना.

खालचे ओरडणे थांबले.

तेव्हा त्याचा ताठा गेला. "ताई, धर! सगळे या रे, धरा!"

बहिणीने दोरावर झडप घातली. तिच्यामागे चार माणसे लागली. दाजी वर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

आठ दिवस ताप होता. जीव वाचला, पण एक डोळा गेला.

नवव्या दिवशी मेहुणा मान खाली घालून अंथरुणाशी बसला. "दाजी, माश्या इतक्या उठतील असं..."

"माश्यांना बोल लावू नकोस," दाजी म्हणाले. "त्या चावतात हे मला ठाऊक होतं. तुझ्यात दम उरला नाही, हे ठाऊक नव्हतं. तुला होतं."



दुसऱ्या दिवसापासून तो भाकरी बांधून पायी डोंगर उतरू लागला, पायीच चढू लागला. अंग उतरायला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे दोर बहिणीने धरला, आणि नियम मोडला म्हणून कोणी ब्र काढला नाही. तिसऱ्या वर्षी तिने तो पुन्हा भावाला दिला. त्याने दाजींना खाली सोडले आणि न थांबता वर घेतले.

दाजींचा डोळा मात्र परत आला नाही.

तात्पर्य एवढेच: पुडीतले खाऊन आणि बसून राहून अंग वाढते, बळ वाढत नाही, आणि ते लपवले तर भोगावे लागते आपल्या माणसाला.